एकाहत्तर दिवसांत दोन कौल : गोवा, १९६७

परदेशातल्या मराठी मंडळांत गोव्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "गोवा महाराष्ट्रात यायलाच हवा होता, थोडक्यात हुकला." दुसरं, "गोवेकरांनी मराठीला नाकारलं." पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून येतात, आणि टेबलावर कोणी गोव्याचं असेल तर तो गप्प बसतो किंवा विषय बदलतो. तुम्हीही हे अनुभवलं असेल.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला ही दोन्ही वाक्यं अपुरी वाटतात. १९६७ साली गोव्याच्या मतदारांनी एकदा नव्हे, दोनदा मत दिलं. १६ जानेवारीला त्यांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. त्यानंतर बरोबर एकाहत्तर दिवसांनी, २८ मार्चला, त्यांनी विधानसभेची निवडणूक केली आणि सत्ता पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या हाती दिली. विलीनीकरण हीच ज्या पक्षाची मुख्य मागणी होती, त्याच पक्षाच्या! हे कसं झालं? मतदार गोंधळलेले होते का? की आपण त्यांच्या मताचा अर्थ लावण्यात चुकतो आहोत? आज या प्रश्नाच्या मागे जाऊ या. वाटेत थोडं गणित लागेल, पण ते बोटांवर मोजण्याइतकंच आहे.

आधी जमीन, मग राजकारण

गोवा नकाशावर एवढासा दिसतो, पण राजकीय दृष्ट्या तो एकसंध कधीच नव्हता. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी (नंतर त्यातूनच निघालेला मुरगाव) या 'जुन्या काबिजादी'. त्या सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेल्या आणि धर्मांतराचा सगळा जोर तिथे सोसला गेला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या 'नव्या काबिजादी'. त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आल्या. पेडणे तोवर सावंतवाडीकरांकडे होतं, फोंडा आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख सोंधेकरांकडे. तोपर्यंत धर्मांतराचा आवेश ओसरला होता. त्यामुळे या तालुक्यांत हिंदू बहुसंख्य राहिले, देवळं राहिली, आणि देवळांबरोबर मराठी राहिली.

ही 'मराठी राहिली' म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. घरात बोलणं कोकणीत. देवळात कीर्तन, भजन, पोथी मराठीत. जत्रेतलं नाटक मराठीत, पेडण्याकडचा दशावतार मराठीत. आई रागावायची कोकणीत आणि आजोबा हरिपाठ म्हणायचे मराठीत. यात कोणाला विसंगती वाटत नसे. पोर्तुगीज सरकारी शाळेची भाषा पोर्तुगीज, म्हणून ज्या हिंदू मुलाला आपल्या लिपीत अक्षर शिकायचं असे, त्याच्यासाठी ते बहुधा मराठी अक्षरच असे.

दुसरी गोष्ट जमिनीची. गावात भाटकार असे, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांचा आणि शेतांचा मालक. त्याच्या भाटात झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. शेत कसणारा तो कूळ. पुष्कळदा मुंडकार आणि कूळ एकच असे. घर भाटकाराच्या जमिनीवर, म्हणून भाटकाराच्या घरचं काम वेळी-अवेळी करायचं. नाही म्हटलं तर झोपडी मोडायची वेळ येणार. भाटकार कॅथलिकही होते आणि हिंदूही. हिंदूंमधले पुष्कळसे सारस्वत होते. कसणाऱ्यांत भंडारी, खारवी, गावडे, कुणबी, मराठा असे अनेक समाज होते. गोव्यात त्यांना मिळून 'बहुजन समाज' म्हणू लागले.

सालाझारच्या राजवटीत मताधिकार मोजक्यांपुरता होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ९ डिसेंबर १९६३ ला, भाटकाराचं आणि मुंडकाराचं मत पहिल्यांदा सारख्या वजनाचं झालं. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट मनात पक्की धरून ठेवा.

१९६३ : राष्ट्रीय पक्षाचा भोपळा

त्या पहिल्या निवडणुकीत विधानसभेच्या ३० जागा होत्या. २८ गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. देशभर तेव्हा काँग्रेसचा दबदबा होता, आणि गोवा मुक्त करणारं सरकारही काँग्रेसचंच. तरी गोव्याच्या २८ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. तिची एकमेव जागा दमणमधली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (पुढे याला गोव्यातल्यासारखं 'मगो' म्हणू) १४ जागा आणि युनायटेड गोवन्स पक्षाला १२. दोन्ही पक्ष नुकतेच जन्माला आले होते.

काँग्रेस का हरली? बहुजन समाजाच्या दृष्टीने तिचे गोव्यातले पुढारी म्हणजे जुनेच मालक, खादी घातलेले. युनायटेड गोवन्सचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा. त्यांच्यामागे कॅथलिक समाज मोठ्या प्रमाणात उभा होता आणि त्यांची मागणी गोव्याचं वेगळेपण टिकवण्याची होती. मगोचे नेते दयानंद बांदोडकर, सगळ्या गोव्याचे भाऊसाहेब. ते श्रीमंत खाणमालक होते, पण जन्माने गोमंतक मराठा समाजातले. देवळांच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या घालवूनही ज्या समाजाला प्रतिष्ठा नाकारली गेली, त्या समाजातला माणूस २० डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री झाला. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या मतदाराला यात काय दिसलं असेल, ते सांगायला आकडेवारी लागत नाही.

मगोच्या जाहीरनाम्यात विलीनीकरण होतं, मराठी होती आणि 'कसेल त्याची जमीन' होती. आपण आज मागे वळून पाहताना पहिलीच गोष्ट पाहतो, कारण ती मोठी, दोन राज्यांच्या सीमेची गोष्ट आहे. मतदाराच्या दृष्टीने मात्र या तिन्ही गोष्टी एकाच दोरीच्या तीन पेडांसारख्या होत्या. महाराष्ट्रात कुळकायदा झाला होता. महाराष्ट्रात बहुजनांचे पुढारी सत्तेत होते. विलीनीकरण झालं की भाटकाराची सत्ता संपेल, हा त्यातला हिशेब. मुंबई त्याला किती दिसत होती माहीत नाही, भाटकाराचं घर मात्र रोज समोर दिसत होतं.

विधानसभेत बहुमत, पण मतदारांत?

१९६५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने गोव्याच्या विलीनीकरणाचा ठराव केला. तिकडे म्हैसूर राज्यही गोव्यावर हक्क सांगत होतं. गोव्याच्या विधानसभेत मगोचं बहुमत, म्हणजे तिथेच ठराव करून प्रश्न मिटवता आला असता. सिक्वेरांचा पक्ष यावर अडून बसला. त्यांचं म्हणणं, सरकार निवडण्यासाठी दिलेलं मत हे प्रदेशाचं अस्तित्व मिटवण्यासाठी दिलेलं मत नव्हे, लोकांना थेट विचारा. शेवटी १९६६ च्या डिसेंबरमध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला. सत्तेतल्या माणसाने आपणहून खुर्ची सोडून लोकांसमोर जाणं, हे तेव्हाही दुर्मीळ होतं.

तुम्हा-आम्हा परदेशस्थांनी इथे क्षणभर थांबायला हवं. सिक्वेरांची आणखी एक मागणी होती, की गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही टपालाने मत देता यावं. मुंबईतल्या कूडांत राहणारे, आगबोटीवर काम करणारे, पूर्व आफ्रिकेत आणि आखातात पोटासाठी गेलेले, हे सगळे गोव्याचेच होते. त्यांच्या मनिऑर्डरींवर घरं चालत होती. ती मागणी फेटाळली गेली. घर कोणत्या राज्यात राहणार हे ठरत असताना घर चालवणाऱ्याला विचारायचं की नाही, हा प्रश्न गोव्याने १९६६ मध्येच अनुभवला होता.

प्रचार कसा झाला असेल? मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी 'फूल' आणि वेगळ्या संघप्रदेशासाठी 'दोन पानं' अशी चिन्हं होती. विलीनीकरणवाल्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं 'झालंच पाहिजे' गोव्यात आणलं. मुंबईहून आचार्य अत्र्यांसारखे वक्ते बाजू मांडत होते. 'गोमन्तक' दैनिक त्याच बाजूचं. समोर मडगावचं 'राष्ट्रमत'. त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर विलीनीकरणावर रोज तुटून पडत होतं. उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी गावोगाव पोचत होती.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक होतं. विलीनीकरणाविरुद्धचा सगळ्यात धारदार युक्तिवाद मराठीत लिहिला गेला, मराठीत वाचला गेला आणि मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदारांना पटवण्यासाठीच लिहिला गेला. 'गोवेकरांनी मराठीला नाकारलं' हे वाक्य इथेच डळमळू लागतं.

थोडं गणित

निकाल असा लागला. मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. वेगळ्या संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१.

'कॅथलिकांनी विलीनीकरण पाडलं' असंही एक वाक्य आपल्याकडे फिरतं. ते तपासू. त्या काळी गोव्यात ख्रिस्ती दर शंभरांत चाळीसपेक्षा थोडे कमीच होते. हिशेबाच्या सोयीसाठी पूर्ण चाळीस धरू. शिवाय असंही धरू की प्रत्येक ख्रिस्ती मत विलीनीकरणाच्या विरोधात गेलं. वैध मतांपैकी विरोधी मतं दर शंभरांत साधारण ५५. त्यातली ४० वजा केली तर उरतात १५. ही मतं ख्रिस्ती नसलेल्यांची, म्हणजे जवळजवळ सगळी हिंदूंची. साठातली पंधरा म्हणजे चौथा हिस्सा.

म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूला जास्तीत जास्त झुकतं माप देऊनही, दर चार हिंदू मतदारांपैकी किमान एकाने विरोधात मत दिलं असं निघतं. ख्रिस्ती प्रमाण चाळीसच्या खाली धरलं किंवा काही ख्रिस्ती मतं विलीनीकरणाला गेली असं धरलं, तर हा हिस्सा आणखी वाढतो. दोन समाजांच्या मतदानाच्या टक्क्यांत फरक असणार हे खरं. पण एकूण मतदानच ८२ टक्के असताना तो फरक चित्र उलटं करण्याइतका मोठा असणं कठीण. गुप्त मतपत्रिकेवर जात-धर्म लिहिलेला नसतो, म्हणून यापेक्षा बारीक आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा.

हे विरोधात गेलेले हिंदू कोण होते? कारणं बरीच होती, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं. रवींद्र केळेकरांसारख्या लेखकांभोवती जमलेल्यांना कोकणी ही स्वतंत्र भाषा म्हणून महत्त्वाची होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती, त्यामुळे माडाची सूर काढून पोट भरणाऱ्याला आणि काजूची भट्टी लावणाऱ्याला काळजी होती. नोकरदारांना वेगळी भीती होती. मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी त्यांनी पाहिले होते, त्यातले पुष्कळ महाराष्ट्रातले. आपण मोठ्या राज्याचा एक कोपऱ्यातला जिल्हा होऊ आणि मुंबईच्या सचिवालयात आपलं कोणी ऐकणार नाही, ही शंका तर सगळ्यांतच होती.

एक कारण मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ते माझं वाचन आहे, तुम्ही ते तपासून घ्या. १९६३ ते १९६६ या तीन वर्षांत बांदोडकर सरकारने खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या. १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा केला. मुख्यमंत्री पणजीत होता, सकाळी बस धरली तर दुपारी भेटत होता. आपलं स्वतःचं छोटं सरकार काय करू शकतं, हे भाऊसाहेबांनीच लोकांना दाखवून दिलं. विलीनीकरणाविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा विलीनीकरणवादी सरकारच्या कारभाराने तयार केला! ज्याच्या हाती शाळा आणि कुळाचा हक्क पणजीहून आला, त्याला तो मुंबईहून येण्याची वाट कशाला पाहावीशी वाटेल?

मग मार्चमध्ये काय झालं?

आता दुसरा कौल. २८ मार्च १९६७ ला मगोला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला पुन्हा १२. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि तेही ज्या वेगळ्या गोव्याला संपवण्याचा त्यांनी प्रचार केला होता त्याच गोव्याचे.

हे ऐकताना 'लोकांनी मन बदललं' असं वाटतं. पण आधी मोजण्याची पद्धत पाहा. जनमत कौलात अख्खा गोवा एक मतदारसंघ होता. प्रत्येक मत शेवटच्या बेरजेत धरलं गेलं. विधानसभेत गोव्याचे २८ तुकडे होते, आणि प्रत्येक तुकड्यात ज्याची मतं जास्त तो जिंकला. विरोधाची मतं सासष्टीसारख्या तालुक्यांत ढिगाने साचलेली होती. विलीनीकरणाची मतं नव्या काबिजादींत जास्त मतदारसंघांत पसरलेली होती.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन मतदारसंघ, प्रत्येकी दहा हजार मतं. पहिल्यात विरोधक ९,०००, समर्थक १,०००. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात समर्थक ६,०००, विरोधक ४,०००. बेरीज केली तर विरोधक १७,००० आणि समर्थक १३,०००. विरोधक सहज जिंकले. जागा मोजल्या तर समर्थकांच्या दोन, विरोधकांची एक. एकाही माणसाने मन बदललेलं नाही!

गोव्यात याहून फारसं वेगळं घडलं नसावं. १९६३ च्या विधानसभेतही मगो आघाडीवरच होती, आणि तरी थेट विचारल्यावर बहुमत विरोधात निघालं. सिक्वेरांनी लोकांना थेट विचारायचा हट्ट का धरला, ते यावरून लक्षात येईल. त्यांना या ढिगांचं गणित कळलेलं होतं.

पण सगळं श्रेय गणिताला देऊन चालणार नाही. विरोधात मत देणाऱ्या हिंदूंपुढे मार्चमध्ये काय पर्याय होता? एका बाजूला युनायटेड गोवन्स, जिच्याशी त्यांचं जानेवारीपुरतं जमलं होतं. दुसऱ्या बाजूला मगो, जिने गावात शाळा आणली. विलीनीकरणाचा प्रश्न निकाली निघाला होता, म्हणजे मगोला मत देण्यातला धोकाही संपला होता. दोन पानांवर शिक्का मारलेला माणूस दोन महिन्यांनी निर्धास्तपणे सिंहावर शिक्का मारू शकत होता. जानेवारीत विचारलं होतं गोवा कुठे असावा, आणि मार्चमध्ये विचारलं की गोव्यात राज्य कोणाचं असावं. प्रश्न दोन होते, म्हणून उत्तरंही दोन आली.

याला पुढच्या निवडणुकीचा आधार आहे. विलीनीकरण हाच मगोचा प्राण असता, तर तो प्रश्न मेल्यावर पक्ष उतरणीला लागायला हवा होता. पण १९७२ मध्ये मगोच्या जागा १६ वरून १८ झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले आणि त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात, १९७५ आणि १९७६ मध्ये, मुंडकारांना घराचं संरक्षण आणि कुळांना जमिनीची मालकी देणारे कायदे झाले. या कायद्यांनी कॅथलिक मुंडकार आणि कॅथलिक कूळही वाचले, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

पक्षाची मागणी पुरी झाली की काय होतं?

१९७७ मध्ये मगोने पुन्हा सरकार केलं, १५ जागांवर. मग दोन वर्षांत सगळं विस्कटलं. बसभाड्यात निम्मी सवलत मागणारं विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. त्यातले पुष्कळ विद्यार्थी मगोनेच काढलेल्या शाळांत शिकलेले असणार, असं मला नेहमी वाटतं. पक्षात फूट पडली, १९७९ मध्ये सरकार कोसळलं. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगो ७ जागांवर आली आणि काँग्रेसचे प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. राणे आधी मगोचेच मंत्री होते. १९६३ मध्ये गोव्यात भोपळा मिळालेली काँग्रेस सत्तेत आली, ती मगोच्या माणसांच्या आणि मगोच्या मतदारांच्या जोरावर. कुळाला जमीन मिळाली होती, मुलाला शाळा मिळाली होती. आता त्याला नोकरी, रस्ता, नळाचं पाणी हवं होतं, आणि त्यासाठी दिल्लीशी जोडलेला पक्ष सोयीचा होता.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी कामात वापर करण्याची तरतूद त्याच कायद्यात राहिली. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. १९८९ मध्ये ४० जागांच्या विधानसभेत मगोने १८ जागा घेऊन पुन्हा उसळी मारली, म्हणजे भाषेच्या वादात दुखावलेला मतदार परत आला होता. १९९४ मध्ये मगोने भारतीय जनता पक्षाशी युती केली. त्या वेळी भाजपला ४ जागा मिळाल्या, मगोला १२. १९९९ मध्ये भाजप १०, मगो ४. २००२ मध्ये भाजप १७, मगो २. मगोने वाढवलेलं शेत दुसऱ्याने कापलं, असं गोव्यातले जुने कार्यकर्ते अजून म्हणतात. २०२२ मध्येही मगोच्या जागा दोनच.

नाव मात्र आजही तेच आहे, 'महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष'. महाराष्ट्रात जाण्याची मागणी केव्हाच सोडून दिलेला पक्ष ते नाव का टाकत नाही? कारण पेडण्या-फोंड्यातल्या जुन्या घरांत त्या नावाचा अर्थ 'महाराष्ट्र' असा कधी नव्हताच फारसा. त्याचा अर्थ होता 'भाऊंचा पक्ष', ज्याच्या राज्यात आपण भाटकाराच्या ओसरीवर उभं राहणं बंद केलं.

आपल्यापुरतं

मी ज्या देशात राहतो, तिथे गोव्याची हजारो माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर आली आहेत. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना तो मिळू शकतो. तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं आणि गोव्यातलं मतही जातं. टपाली मताची १९६६ ची मागणी आठवली की मला हे विचित्र वाटतं. गोव्याबद्दल सगळ्यात तावातावाने बोलणारे पुष्कळ जण आज गोव्यात मत देऊ शकत नाहीत, आणि त्यात आपल्या मंडळांतले मराठी लोकही आले.

मत देता येत नसलं की माणूस दुसऱ्यांच्या मताचा अर्थ लावत बसतो. 'अमुक समाज अमुक पक्षाचा', 'त्यांनी आपल्याला नाकारलं', अशी वाक्यं त्यातूनच येतात. १९६७ चं गोवा याबद्दल एक साधी गोष्ट शिकवतं. मत हे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न कोणता होता, तो कोणत्या पद्धतीने मोजला गेला आणि समोर पर्याय कोणते होते, हे पाहिल्याशिवाय एखाद्या समाजाच्या मनात काय होतं ते सांगता येत नाही. अकरा आठवडेही न उलटता त्याच माणसांनी दिलेली दोन उत्तरं आपण एकमेकांविरुद्ध उभी केली, कारण आपल्या मनात एकच प्रश्न होता.

आता एक विनंती. १९६७ मध्ये मत द्यायला वय एकवीस लागत असे. म्हणजे त्या कौलात मत दिलेला सगळ्यात तरुण माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. मतमोजणीचे आकडे कागदावर सुरक्षित आहेत, पण फुलावर शिक्का मारणाऱ्याच्या आणि दोन पानांवर मारणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कागदावर कुठेच नाही. तुमच्या किंवा तुमच्या गोवेकर शेजाऱ्यांच्या घरी अशी आजी किंवा आजोबा असतील, तर पुढच्या फोनवर विचारा : जानेवारीत कशावर शिक्का मारलात, मार्चमध्ये कशावर, आणि का? ते कोकणीत सांगतील किंवा मराठीत. ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा.